यंदाच्या शिक्क्याचा काटा

जहाज परवा सकाळी नऊला सुटणार होतं आणि शिक्केसाहेब आज सकाळी सातलाच तपासणी केंद्राच्या बाकावर उपाशीपोटी बसले होते. शेजारी काकू. काकूंच्या मांडीवर एक पारदर्शक पिशवी, तिच्यात जहाज कंपनीचे दोन फॉर्म, प्रत्येकी चार फोटो आणि दोघांचं मिळून एकशे सदतीस वर्षांचं वय सिद्ध करणारे कागद. पासष्टच्या पुढच्या प्रवाशाला कंपनीने नेमून दिलेल्या केंद्रातून तंदुरुस्तीचा दाखला आणल्याशिवाय जहाजावर पाय ठेवता येणार नाही, आणि दाखला बहात्तर तासांहून जुना चालणार नाही, असं फॉर्मवर जाड अक्षरात छापलं होतं. म्हणजे माणूस सत्तर वर्षांचा चालेल, कागद मात्र तीन दिवसांचाच हवा. वर आणखी एक अट होती, की हा ताजा कागद उद्या संध्याकाळी पाचच्या आत कंपनीकडे पोचला पाहिजे.

'शिक्के' हे त्यांचं आडनाव नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. छत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढल्यावर खरं आडनाव पेन्शनच्या कागदांपुरतंच उरलं होतं. गावातला एकही तराजू असा नव्हता, ज्याच्या दांडीखाली साहेबांनी वाकून वर्षाचा शिक्का बघितला नव्हता. रस्त्यातून ते यायला लागले की भाजीवाले आपणहून पारडी उलटी करून दाखवत. साहेब निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना एक किलोचं पितळी वजन भेट दिलं. तेव्हापासून ते वजन त्यांच्या कोटाच्या खिशात असे, आणि कोटाचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली असे.

काकूंना जहाज का हवं होतं? समुद्राचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. लग्नानंतर हे जोडपं पहिल्यांदा फिरायला गेलं तेव्हा तळ्याकाठच्या फळवाल्याचा तराजू साहेबांनी जागच्या जागी जप्त केला, आणि गेले होते दोघं, परत आले तिघं: साहेब, काकू आणि तराजू. दुसऱ्यांदा डोंगरावर गेले, तेव्हा तीन दिवसांतले अडीच दिवस मधाच्या दुकानाच्या पंचनाम्यात गेले. तिसऱ्या सहलीबद्दल त्या घरात बोलत नसत. मुलीने आईला विचारलं, "आई, कुठं पाठवू तुम्हाला?" तेव्हा काकूंनी पूर्ण विचारांती सांगितलं होतं, "जिथं दुकान नसेल तिथं. चारी बाजूंनी पाणी असेल तर उत्तम. पाण्यावर कुणी तराजू मांडून बसत नाही." पाच दिवस. छत्तीस वर्षं रोज जेवताना काकूंनी कुठल्या दुकानदाराने पारड्याला काय चिकटवलं, कुणी दांडीत शिसं भरलं आणि कुणी पोत्याला गुडघा लावला, हे ऐकलं होतं. इतकं, की मनात आणलं असतं तर त्या गावातलं सर्वांत फसवं दुकान एकटीने चालवू शकल्या असत्या. त्या बदल्यात त्यांना फक्त पाच दिवस हवे होते.

केंद्रात त्यांच्यासारखेच आणखी तीसेक प्रवासी बसले होते. सगळे एकाच जहाजाचे, सगळे उपाशी, आणि सगळ्यांच्या हातात तीच पिशवी. सगळ्यात पुढे एक निवृत्त मुख्याध्यापिका ताठ बसल्या होत्या. रांगेत कुणी बोललं की त्या मागे वळून बघत आणि तो माणूस, वय वर्षे बहात्तर असला तरी, गप्प होई.

तपासण्या सुरू झाल्या. रक्त काढलं. छातीवर गार चकत्या चिकटवून कागदाची लांबच लांब पट्टी काढली. बारक्या अक्षरांची ओळ वाचायला लावली. ती शिक्केसाहेबांनी धाडधाड वाचली, कारण रांगेतल्या अकरा जणांनी ती आधी मोठ्यानं वाचली होती. एका पायावर उभं राहून दहा आकडे मोजायला लावले. बाटली हातात देऊन ज्या खोलीत पाठवलं तिच्या दाराला कडी नव्हती, तेव्हा काकूंनी बाहेरून दार धरून ठेवलं आणि साहेबांनी आतून "धरलंय ना?" असं चार वेळा विचारलं. प्रत्येक खोलीत जाताना माणसाच्या अंगावरचं काहीतरी कमी होत होतं, आणि अब्रू तर पहिल्या दोन खोल्यांतच संपली होती. अकरा वाजता फॉर्मवरच्या दहा रकान्यांपैकी नऊ भरले. राहिला होता फक्त एक. वजन.

वजनाच्या रांगेत पहिला नंबर साहेबांचा लागला. "काका, चपला काढा आणि उभे राहा," नर्स म्हणाली.

साहेब उभे राहिले नाहीत. ते वाकले. मग गुडघ्यावर बसले. मग मान तिरकी करून त्यांनी काट्याच्या खाली बघितलं.

"काही पडलं का काका?"

"शिक्का कुठाय याचा?"

काकूंनी डोळे मिटले.

"काका, मागे तीस माणसं आहेत."

"शेवटचा शिक्का सहा वर्षांपूर्वीचा आहे बाई. आणि हा तुमचा काटा रिकामा असताना शून्याच्या अलीकडे उभा आहे. हे बघा." साहेबांनी खिशातून पितळी वजन काढून काट्यावर ठेवलं. काटा हलला नाही. कूस बदलावी इतकंसुद्धा काही त्याला वाटलं नाही. "बघितलंत? एक किलो पितळ आहे. याला पत्ताच नाही."

"अहो काका, तीनेक किलो कमीच दाखवतो तो," नर्स हसून म्हणाली. "म्हणून तर लोक आवर्जून आमच्याकडे येतात. सगळे खूश होऊन जातात. उभे राहा तुम्ही, तुम्हीही खूश व्हाल."

"वजन हा खूश होण्याचा विषय नाही," साहेब म्हणाले.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "उभे राहा हो. एक मिनिटाचं काम आहे."

आता इथं साहेबांची बाजूही सांगितली पाहिजे. त्यांना उभं राहायचं होतं. पोटात सकाळपासून काही नव्हतं, पाय दुखत होते, आणि घरी जाऊन चहा प्यायची इच्छा त्यांनाही इतर प्राणिमात्रांइतकीच होती. पण छत्तीस वर्षं वाकलेली कंबर एका सकाळीत सरळ कशी होणार? शिवाय आपलं वजन अठ्ठ्याऐंशी किलो आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. निवृत्तीच्या दिवशी खात्याच्या काट्यावर ते त्यांनी स्वतः घेतलं होतं, आणि जे वजन एकदा खात्याच्या काट्यावर भरलं ते पुन्हा बदलायचं कारण त्यांना दिसत नव्हतं. तेव्हा या अठ्ठ्याऐंशी किलोंची नोंद असल्या आंधळ्या काट्यावर व्हावी हे त्यांना मानवेना. त्यांनी फोन काढला आणि चेल्याला लावला.

चेला म्हणजे त्यांच्या जागेवर आलेला निरीक्षक. चाळिशी उलटलेला, दोन मुलांचा बाप, पण साहेबांचा आवाज ऐकला की अजून खुर्चीतून उठून उभा राहून बोलणारा. एरवी तक्रार केल्यावर खात्याचा माणूस यायला तीन आठवडे लागत. चेला वीस मिनिटांत आला. बरोबर दोरा, शिसं, चिमटा आणि पंचनाम्याची वही. त्याने काटा तपासला, मान हलवली, साहेबांकडे बघितलं, साहेबांनी मान हलवली, आणि काट्याला आडवा-उभा दोरा बांधून शिशाचं सील ठोकलं. त्या आवाजाने साहेबांच्या अंगावर जुना रोमांच उभा राहिला. उत्साहाच्या भरात चेल्याने तान्ह्या मुलांचा काटा, औषधांचा काटा आणि मागच्या खोलीतला एक मोडका काटा, ज्यावर कुंडी ठेवलेली होती, तोही सील केला. कुंडीसकट.

"झालं," साहेब हात झटकत म्हणाले. "आता लिहा बाई. अठ्ठ्याऐंशी."

"कशावर घेतलं?" नर्सने विचारलं.

"काय?"

"वजन. फॉर्मवर आहे ना, 'प्रमाणित काट्यावर'. आमचा काटा तर तुम्ही बांधला. आता मी कशावर घेऊ?"

साहेब काट्याकडे बघत राहिले. काटा आडव्या-उभ्या दोऱ्यात सुरक्षित होता.

"दुसरा काटा असेल की."

"बाकीचे तिन्हीही बांधलेत. एकावर कुंडी आहे."

बातमी रांगेत पोचायला वेळ लागला नाही. मुख्याध्यापिका उठल्या. त्यांनी चष्मा नाकावर सारला आणि साहेबांकडे अशा नजरेनं बघितलं, की साहेबांना आपण गृहपाठ आणला नाही असं वाटायला लागलं. "अहो गृहस्थ," त्या म्हणाल्या, "आम्ही तीस माणसं काय आता अंदाजाने चढायचं का जहाजावर?"

आवाज ऐकून डॉक्टरबाई बाहेर आल्या. दिवसाला चाळीस जणांना 'खोल श्वास घ्या' असं सांगणाऱ्या त्या बाईंना स्वतःला तो घ्यायला महिनोन्महिने सवड मिळालेली नसावी, असं त्यांच्याकडे बघून वाटे. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. मग चेल्याला म्हणाल्या, "हे सोडा."

"सोडता येत नाही, मॅडम."

"का?"

चेल्याने खालच्या मानेनं पिशवीतून एक जुनं परिपत्रक काढलं आणि वाचलं. सील केलेला काटा सात दिवसांच्या आत, कोणत्याही कारणास्तव, कोणत्याही व्यक्तीसाठी, अगदी खात्याच्या आजी-माजी अधिकाऱ्यांसाठीही, उघडता येणार नाही.

"हे कुणी लिहिलंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

चेल्याने परिपत्रकाची घडी घातली. साहेब भिंतीवरचा फुप्फुसांचा तक्ता वाचायला लागले. 'आजी-माजी अधिकाऱ्यांसाठीही' हे शब्द सुचले तेव्हा त्यांनी घरी येऊन काकूंना दोनदा वाचून दाखवले होते. काकूंना ते आठवत होते.

"मला काही ठाऊक नाही," डॉक्टरबाई शेवटी म्हणाल्या. "यंदाचा शिक्का असलेला कुठलाही काटा शोधा. उद्या पाचच्या आत. मी स्वतः तिथं येऊन उभी राहते आणि सह्या करते. माझ्याच्यानं एवढंच होईल."

घरी जाताना काकू काही बोलल्या नाहीत. साहेबांना त्यांच्या बोलण्याची सवय होती, न बोलण्याची नव्हती. फाटकापाशी ते म्हणाले, "उद्यापर्यंत मिळेल काटा." काकू म्हणाल्या, "हो." हा 'हो' घरभर दिवसभर फिरत राहिला.

इमारतीत तोवर कळलं होतंच. पहिले आले वरच्या मजल्यावरचे मास्तर. तीस वर्षं विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते आणि आता उरलेलं विज्ञान शेजाऱ्यांवर वापरत. "काटा कशाला हवा?" ते म्हणाले. "पिंपात काठोकाठ पाणी भरा. तुम्ही आत बसा. जेवढं पाणी सांडेल ते मोजा. झालं."

"कशानं मोजायचं?" साहेबांनी विचारलं.

"लिटरच्या मापानं. आहे माझ्याकडे."

"शिक्क्याचं आहे?"

मास्तर वर निघून गेले.

मग तळमजल्यावरचे 'अनुभवी' आले. जगात असं काही नव्हतं ज्याचा त्यांना अनुभव नव्हता. जहाजाचा होता, तपासणीचा होता, सीलचाही होता. "मी काय सांगतो, ते दाखल्याचं सोडा," ते म्हणाले. "जहाजावर कुणी बघत नाही. माझ्या मेव्हण्याचा साडू गेला होता, त्याला कुण्णी विचारलं नाही."

"काय वय त्यांचं?"

"एकोणतीस."

समोरच्या वहिनी येऊन काकूंच्या बॅगेतले कपडे बघून "आता परत कपाटात ठेवणार असाल ना," एवढं म्हणून गेल्या. साहेबांनी ते ऐकलं. काकूंनी कपडे परत कपाटात ठेवले नाहीत. त्यांनी बॅग बंद केली, कुलूप लावलं आणि दाराशी उभी करून ठेवली. साहेबांना त्या बॅगेला वळसा घालून स्वयंपाकघरात जावं लागे.

दुपारी साहेब बाहेर पडले. औषधाच्या दुकानाबाहेर नाणं टाकायचं वजनाचं यंत्र होतं. त्याने दिवे लावले, गाणं म्हटलं आणि एक चिठ्ठी दिली. वजन चौसष्ट. खाली छापलं होतं, 'आपली दूरच्या प्रवासाची इच्छा लवकरच पूर्ण होईल.' साहेबांनी यंत्राच्या मागे जाऊन शिक्का शोधला. शिक्क्याच्या जागी एका गायन क्लासची जाहिरात चिकटवलेली होती. चिठ्ठी त्यांनी फेकली नाही, का कोण जाणे.

मग ते व्यायामशाळेत गेले. तिथला दंड फुगलेला तरुण म्हणाला, "कमी करायचंय की वाढवायचंय?"

"नुसतं बघायचंय."

"नुसतं बघायला कुणी येत नाही आमच्याकडे," तो म्हणाला, आणि त्याच्या दृष्टीने विषय संपला. काटा होता, पण त्यावर शिक्का नव्हता.

पोस्टात मोठा काटा होता आणि त्यावर मागच्या वर्षीचा शिक्का होता. साहेब तरी आशेनं खिडकीशी गेले. खिडकीतल्या कारकुनाने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "पस्तीस किलोच्या वर घेत नाही आम्ही," तो म्हणाला. "तीन हप्त्यांत येता का?" मागच्या माणसांना हसू आलं. साहेबांना आलं नाही. छत्तीस वर्षं ज्या रस्त्यावर आपण आलो की दुकानदारांच्या घशाला कोरड पडे, त्याच रस्त्यावर आता आपल्याला कुणी तोलायला तयार नाही, हे त्यांना बसस्टॉपवर बसल्यावर नीट उमगलं. पिशवीतला फॉर्म एव्हाना कोपऱ्यात दुमडला होता. तो ते मांडीवर ठेवून तळहाताने सारखा करत बसले.

शेवटी चेल्याचाच फोन आला. त्याने दिवसभर खात्याचं रजिस्टर चाळलं होतं.

"साहेब, आपल्या खात्याचा मोठा काटा मोडून पडलाय. माणूस उभा राहील एवढा आणि यंदाचा शिक्का असलेला गावात एकच काटा आहे."

"कुणाचा?"

चेला खाकरला. "साहेब, भंगारशेठचा."

साहेबांनी फोन कानापासून जरा लांब धरला.

एकोणीस वर्षांपूर्वी या भंगारशेठला साहेबांनी रंगेहाथ पकडलं होतं. म्हणजे खरं तर रंगेगुडघा. भंगार विकत घेताना पोतं काट्यावर ठेवायचं आणि बोलता बोलता पोत्याला खालून गुडघ्याचा टेकू द्यायचा, म्हणजे लोखंड भरायचं कमी, अशी त्याची रीत होती. साहेबांनी त्याला कोर्टाची पायरी चढायला लावली आणि तो गुडघा कसा धरला, हे पुढची कित्येक वर्षं जेवताना उठून करून दाखवलं. तेव्हापासून भंगारशेठ दर वर्षी जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात स्वतः खात्यात जाऊन शिक्का मारून घेई. भीती माणसाला किती अचूक बनवते! सगळ्या गावात खरं वजन कुठं होत असेल, तर ते एका भंगाराच्या वखारीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता भंगारशेठच्या वखारीत असं दृश्य दिसलं, की रस्त्यावरची वाहनं थांबून बघायला लागली. गंजलेले पंखे, सायकलींची हाडं, पिळलेले पत्रे आणि फुटक्या बॅटऱ्या यांच्यामधून एक रांग उभी होती, तिच्यात तीस सुस्थितीतली, इस्त्रीच्या कपड्यांतली वृद्ध माणसं, प्रत्येकाच्या हातात पारदर्शक पिशवी. पलीकडे डॉक्टरबाई एका उलट्या डब्यावर बसल्या होत्या, मांडीवर फॉर्मचा गठ्ठा. चेला वही घेऊन उभा. आणि मधोमध, तेल लावून पुसलेला, दांडीवर यंदाचा शिक्का चमकणारा, तो काटा.

भंगारशेठ आता म्हातारा झाला होता. त्याने साहेबांना बघून हात पुसले.

"या साहेब. एकोणीस वर्षांनी आलात. काय, मोडीत काढायचंय का काही?"

साहेबांनी वाकून दांडीवरचा शिक्का बघितला. काकू म्हणाल्या, "अजून नाही."

मुख्याध्यापिका पहिल्या चढल्या. भंगारशेठने सवयीने एक लोखंडी वजन ठेवलं, दांडी सावरली आणि ओरडला, "पासष्ट, बारदानासकट!" मग जीभ चावून म्हणाला, "म्हणजे नुसतेच पासष्ट."

"केंद्रात माझं नेहमी बासष्ट भरतं," मुख्याध्यापिका थंडपणे म्हणाल्या.

मग एकेक जण चढला, आणि एकेकाचं तीन तीन किलो वाढलं. इतकी वर्षं केंद्रातून खूश होऊन घरी गेलेली ती सगळी मंडळी आता एका सकाळीत खरी झाली. प्रत्येक जण काट्यावरून उतरताना साहेबांकडे बघे. साहेब सायकलींच्या हाडांकडे बघत. पण कुणाचं काही अडलं नाही. सगळे मर्यादेत होते. काकूंचं अठ्ठावन्न भरलं. त्यांच्या फॉर्मवर सही झाली, तेव्हा त्यांनी तो पिशवीत ठेवला नाही, हातातच धरून ठेवला.

सगळ्यात शेवटी साहेब चढले.

भंगारशेठने वजनं लावायला घाई केली नाही. पन्नास ठेवलं. वीस ठेवलं. आणखी वीस. दांडी आपली खालीच टेकलेली. त्याने दोन किलोचं वजन हातात घेतलं, फुंकर मारून पुसलं आणि ठेवलं. दांडी थरथरली. वर पाव किलोचं छोटं वजन ठेवल्यावर ती सरळ झाली.

"ब्याण्णव आणि पाव."

"अठ्ठ्याऐंशी," साहेब म्हणाले.

"शिक्का तुमच्याच खात्याचा आहे साहेब."

डॉक्टरबाईंनी फॉर्म उलटा केला आणि मागची बारीक अक्षरं वाचली. "या वयाला नव्वदच्या वर गेलं तर हृदयाची वेगळी तपासणी लागते. मोठ्या डॉक्टरांकडे. त्यांची वेळ," त्यांनी सुस्कारा टाकला, "पंधरा दिवसांनी मिळते."

जहाज उद्या नऊला सुटणार होतं.

साहेब काट्यावर उभे होते आणि इतक्या उंचीवरून त्यांना काकू पहिल्यांदाच इतक्या लहान दिसल्या. काकू चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या नुसत्या उभ्या होत्या, हातात सही झालेला फॉर्म, आणि तो फॉर्म त्या हळूहळू घडी घालत होत्या. आधी अर्धा. मग पाव.

"चपला काढा," काकू एकदम म्हणाल्या.

साहेबांनी काढल्या. किल्ल्या दिल्या, चष्मा दिला, पाकीट दिलं. दांडीला फरक पडला, पण थोडाच.

"कोट."

कोट काढताना तो काकूंच्या हातातून खाली ओढला गेला आणि जमिनीवर आपटून खणकन वाजला. चेल्याने खिशात हात घालून पितळी वजन बाहेर काढलं.

मागून मुख्याध्यापिकांचा आवाज आला, "देवा!"

भंगारशेठने दोन किलोचं वजन उतरवलं, पाव किलोचंही उतरवलं आणि मग ते पाव किलोचं वजन नाइलाजाने परत ठेवलं. दांडी स्थिर झाली. "नव्वद आणि पाव," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आनंद नव्हता. एकोणीस वर्षं वाट बघितलेली गोष्ट मिळाल्यावर होतं तसं काहीतरी त्याला झालं होतं.

पाव किलो. साहेबांना सगळे पाव किलो आठवले. छत्तीस वर्षांत पकडलेले, लोकांच्या पिशव्यांतून निसटलेले, आपण परत मिळवून दिलेले.

काकू पुढे आल्या.

"डॉक्टर, यांना उंचावर जरा चक्कर येते," त्या म्हणाल्या. "सकाळपासून पोटात काही नाही. मी नुसती धरते हं."

आणि त्यांनी साहेबांचा कोपर धरला. खालून.

डॉक्टरबाई पेनाची रिफिल तोंडाने फुंकत होत्या. चेला वहीत मान घालून तारीख लिहीत होता. दांडी जराशी हलली. मग आणखी जराशी. साहेबांच्या कोपराखाली एक तळहात होता, छत्तीस वर्षं ताट वाढणारा, आणि त्या तळहाताचा टेकू किती आहे हे ओळखायला गावात साहेबांइतका लायक माणूस दुसरा नव्हता. हाताचा दाब, मनगटाचा कोन, खांदा सैल ठेवून चेहरा दुसरीकडे वळवणं, सगळं बिनचूक होतं. कुणी शिकवलं हिला, असा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि लगेच उत्तरही आलं.

भंगारशेठचं लक्ष दांडीवर होतं. मग ते साहेबांच्या कोपरावर गेलं. मग तो काकूंकडे बघत राहिला, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर एका कारागिराला दुसऱ्या कारागिराबद्दल वाटतो तसा आदर दिसला. त्याने पाव किलोचं वजन उचललं. नव्वदच्या खालच्या वजनांची जुळवाजुळव केली. दांडी सरळ झाली.

"एकोणनव्वद, आठशे," तो सावकाश म्हणाला. आणि मग, कारण तोही शेवटी माणूस होता, "बघून घ्या साहेब. तुम्ही म्हणाल तरच लिहायचं."

चेल्याने पेन रोखून वर बघितलं. "साहेब, बरोबर आहे?"

साहेबांनी समोर बघितलं. समोर पिळलेल्या पत्र्यांचा ढीग होता. त्यांनी श्वास आत घेतला आणि तो सोडला नाही.

"काटा," साहेब म्हणाले, आणि घसा साफ करून पुन्हा म्हणाले, "काट्यात काही दोष नाही."

डॉक्टरबाईंनी सही केली. शिक्का मारला. तीस वृद्ध माणसांनी, कुणी सांगितलं नसताना, टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापिकांनी तेवढ्या वाजवल्या नाहीत. त्या जागच्या हलल्या नव्हत्या आणि काकूंच्या हाताकडे बघत होत्या. पण वर्गात मागच्या बाकावरचं सगळंच बघायचं नसतं, हे एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांना कळलं असावं.

साहेबांनी चपला घातल्या, चष्मा लावला, कोट चढवला. खांदे आता दोन्ही बाजूंना सारखे होते आणि त्यामुळे त्यांना चालताना तोल सांभाळावा लागत होता. फाटकाशी भंगारशेठ पितळी वजन घेऊन धावत आला.

"साहेब, हे राहिलं."

साहेबांनी हात पुढे केला. काकूंनी तो मधेच धरला.

"राहू द्या तुमच्याकडेच, शेठ," त्या म्हणाल्या. "पाच दिवस. आम्ही आल्यावर नेऊ."

"ठेवतो की. पावती देऊ?"

साहेबांनी तोंड उघडलं. पावतीशिवाय प्रमाणित वजन परक्याच्या ताब्यात देता येत नाही, असा नियम होता. तोही त्यांनीच लिहिला होता. त्यांनी काकूंकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

मग ती दोघं घराकडे चालायला लागली. जमीन सपाट होती, चक्कर येण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण काकूंनी साहेबांचा कोपर सोडला नव्हता. साहेबांनीही तो सोडवून घेतला नाही. दोन चौक गेल्यावर त्यांनी खिशात हात घातला, जिथं वजन असायचं तिथं, आणि यंत्राची चिठ्ठी काढून काहीही न बोलता काकूंच्या हातात दिली.

काकूंनी चालता चालता ती वाचली. "चौसष्ट?" त्या म्हणाल्या. "हा काटा चांगला होता की हो."